नाताळातली प्रश्नमंजुषा

आज संध्याकाळी आईला घेऊन बीबीसी टूवर ख्रिसमसची ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ ही ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या संघांची प्रश्नमंजुषा बघितली. एरवी तिथे विद्यार्थी खेळतात. २०११पासून नाताळात मात्र त्याच विद्यापीठांतून शिकून नाव कमावलेले पदवीधर बसतात, चौघांचा एकेक संघ. पहिल्या फेरीत नुसतं जिंकून भागत नाही. सात विजेत्यांपैकी जास्त गुणवाले चारच पुढे जातात. त्यामुळे सामना खिशात असूनही शेवटच्या मिनिटाला सगळे बझरवर हात ठेवून पुढे झुकलेले! सूत्रसंचालक अमोल राजन यांचा प्रश्न संपायच्या आत पिकल्या केसांच्या एका बाईंनी बझर दाबला, चष्मा सावरला आणि अचूक उत्तर दिलं. मटार सोलता सोलता आईचा हात थांबला. किती सुंदर हसल्या त्या!

“उद्या किती वाजता असतं गं?” आईने विचारलं.