भाऊचा धक्का ते मोरा: मासळीबाजार, लाँच आणि लोकलने परत

भाऊच्या धक्क्यावर ‘बघण्यासारखे’ म्हणून काही शोधायला गेल्यास निराशाच पदरी पडण्याचा संभव आहे. तेथे अपोलो बंदरासारखी कमान नाही, ससून डॉकसारखा घड्याळाचा मनोरा नाही आणि भाऊंच्या काळातला दगडही पायाखाली नाही. तरीही मुंबईच्या जुन्या धक्क्यांपैकी एकच पाहायला वेळ असेल तर मी हाच सुचवीन, कारण येथून अजूनही रोजची माणसे रोजच्या कामासाठी पाण्यावरून जातात. मात्र तो नुसता पाहून परत फिरू नये. तिकीट काढून लाँचने पलीकडे जावे, तरच तो कळतो. नोव्हेंबरातल्या एका सकाळी मावशीला बरोबर घेऊन मी तसेच केले.

हे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, पाठारे प्रभू समाजातले एक कर्तबगार गृहस्थ. कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यातली नोकरी करून त्यांनी पुढे बांधकामात नाव मिळवले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, जेव्हा गलबतातून उतरणाऱ्या उतारूंना चिखल तुडवत किनारा गाठावा लागे, तेव्हा त्यांनी समुद्रात भराव घालून धक्का बांधला. क्लेअर आणि कर्नाक या बंदरांची नावे इंग्रज गव्हर्नरांची; तरी लोकांच्या तोंडी राहिले ते बांधणाऱ्याचेच नाव. मूळ धक्का दक्षिणेला, मशीद बंदराच्या बाजूला होता. पुढे पोर्ट ट्रस्टने (स्थापना १८७३) प्रिन्सेस डॉक (१८८०) आणि व्हिक्टोरिया डॉक (१८८८) बांधून किनाऱ्याचा आकारच बदलला. आज आपण जातो तो माझगावचा धक्का नंतरचा आहे. जागा बदलली, पण नाव माणसांबरोबर तेथे आले.

जाण्यासाठी हार्बर मार्गावरचे डॉकयार्ड रोड हे स्थानक सोयीचे. तेथून पी. डिमेलो रस्ता ओलांडून पूर्वेला चालत वीस-पंचवीस मिनिटे लागतात, परंतु या रस्त्यावर ट्रेलर आणि टँकर अखंड चालू असल्याने वृद्ध माणसे किंवा लहान मुले बरोबर असतील तर बस किंवा टॅक्सी करणे शहाणपणाचे. स्थानकाच्या डोक्यावरच भंडारवाड्याची टेकडी आहे आणि तिच्यावर, माझगावच्या जुन्या किल्ल्याच्या जागी, जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. टिळकांचे सहकारी आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले काका बाप्टिस्टा ते हेच. वेळ असेल तर आधी या टेकडीवर जावे. गोदी आणि बंदर यांची मांडणी वरून एकदा पाहिली की खाली वाट चुकत नाही.

मासळीबाजार पाहायचा असेल तर उजाडण्याच्या सुमारास पोहोचावे. उन्हे वर आल्यावर उरतो तो बर्फाचा चुरा आणि धुण्याचे पाणी. ट्रॉलर धक्क्याला लागले की खणातली मासळी वर येते आणि लगेच लिलाव सुरू होतो. माकूल, राणी मासा, वाकटी, कोळंबी, बांगडा असे ढीग पडतात. बोली लावणाऱ्या, भाव पाडणाऱ्या आणि पाट्या उचलायला माणसे हाकारणाऱ्या बहुतेक बायकाच. व्यवहार ठोक असल्याने अर्धा किलो सुरमईसाठी कोणाला थांबवू नये. किरकोळ विक्री बाजूला बसलेल्यांकडे होते. जमीन निसरडी असते, म्हणून पट्ट्यांच्या रबरी चपला बऱ्या, नवे बूट नकोत. पाटीवाल्याने ‘बाजूस’ म्हटले की बाजूला व्हायचे, तो थांबणार नाही. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये, आणि आरमाराच्या जहाजांकडे तर कॅमेरा रोखूच नये. जून-जुलैत मासेमारी बंदी असते, तेव्हा केवळ बाजारासाठी येण्यात अर्थ नाही.

मावशीला बाजारात फारसा रस नव्हता. तिच्या लेखी हा धक्का म्हणजे देवगडहून येणाऱ्या बोटीचा धक्का. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत पणजीपर्यंत जाणारी ही प्रवासी बोट कोकणातल्या कित्येक कुटुंबांना चाकरमानी माणसांशी जोडून ठेवी. बऱ्याच बंदरांत बोट किनाऱ्याला लागत नसे. पडावातून (लहान होडीतून) जाऊन शिडीने वर चढावे लागे. “पोरांना खलाशी वर फेकायचे आणि वरचा झेलायचा. आम्हाला त्यात काही वाटायचं नाही, आईचा मात्र जीव जायचा,” असे ती म्हणाली, आणि हल्लीच्या लोकांना बोट लागते म्हणून गोळ्या घ्याव्या लागतात याबद्दल तिने नापसंतीही दाखवली. (गोळी तिने घेतली होती.)

याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ‘रामदास’ बोट रेवसला जायला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत कलंडून बुडाली. गटारीच्या निमित्ताने गावी निघालेल्यांची बोटीवर गर्दी होती; सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून काही जणांना वाचवले. रायगडच्या किनाऱ्यावर आजही पावसाळ्यात कोणी लाँचने निघाले की घरातली जुनी माणसे ‘रामदास’चे नाव काढतात. म्हणून बंदरावर तीन नंबरचा (वादळाच्या इशाऱ्याचा) बावटा लागून सेवा बंद झाली तर खिडकीवरच्या माणसाशी हुज्जत घालू नये.

आता लाँचविषयी. येथून मुख्यतः मोरा (उरण) आणि रेवस येथे लाँच जातात, आणि मार्च २०२० पासून मांडव्याला मोटारी वाहून नेणारी रो-रो बोटही जाते. अलिबागला गाडी न्यायची असेल त्याने रो-रो घ्यावी. ती ऐसपैस आहे, पण धक्क्याची ओळख तिच्यातून होत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने मोऱ्याची लाँच धरावी. पाऊण ते एक तासाचा प्रवास, साधी लाकडी बाके, आणि शेजारी भाजीच्या टोपल्या, मोटारसायकली, कामावरून परतणारी माणसे.

या प्रवासात घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची, कारण मोरा बंदर गाळाने भरत असते आणि मोठ्या ओहोटीला लाँच जेट्टीला लागू शकत नसल्याने सेवा काही वेळ बंद ठेवावी लागते. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ साधारण मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि त्यानंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास पाणी भरपूर, पण सकाळ-संध्याकाळची ओहोटी फार खोल जाते. त्या दिवशी सकाळी उशिरा निघून दुपारीच प्रवास उरकावा. हा हिशोब अंदाजापुरता. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत आणि परतीच्या लाँचची वेळ तिकीट खिडकीवर विचारून घ्यावी. सुटे पैसे, टोपी आणि पिण्याचे पाणी जवळ असावे.

लाँचमध्ये जाताना डावीकडची जागा मिळवावी. मागे अटल सेतूची लांबच लांब रेघ दिसते, मग टँकर लागणारे जवाहर द्वीप, त्याच्यापलीकडे घारापुरीच्या टेकड्या आणि पुढे जवाहरलाल नेहरू बंदराच्या (जेएनपीटी) क्रेन. चार शतकांचे बंदर एवढ्याशा पट्ट्यात दिसते, त्यामुळे मोबाइल बाजूला ठेवलेला बरा. उजवीकडे ऊन आणि शिंतोडे अधिक.

मोऱ्याला उतरल्यावर जेट्टीबाहेर उरण शहराकडे जाणाऱ्या रिक्षा मिळतात. आम्ही उरणात जेवून लाँचने परत न येता रेल्वेने आलो, आणि हाच क्रम मी सुचवीन. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल धावते, त्यामुळे ओहोटीची चिंता उरत नाही. नेरूळ किंवा बेलापूरला गाडी बदलून हार्बरने थेट डॉकयार्ड रोडला किंवा सीएसएमटीला येता येते. उरणच्या गाड्या अजून विरळ आहेत, एक चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ बसावे लागते. म्हणून वेळापत्रक सकाळीच पाहून, त्यानुसार जेवणाची वेळ ठरवावी.