सगळ्यांची टोयोटा, मग तुझीच माझदा का?

मेलबर्नमध्ये आमच्या गणपतीच्या कार्यक्रमाला हॉलबाहेर गाड्या लागल्या की एकदा नजर फिरवून बघा. कॅमरी, कॅमरी, कोरोला, आरएव्ही-४, मधेच एखादी होंडा, पुन्हा कॅमरी. आणि टोकाला, कचऱ्याच्या मोठ्या डब्याशेजारी, माझी लाल माझदा ३. आरती झाली, मोदक खाऊन झाले, की पार्किंगमध्ये कुणीतरी विचारतंच. "काय गं, टोयोटा नाही घेतलीस?" स्वर असा, की पोरीला बरं स्थळ मिळालं नाही वाटतं!

दरवर्षी मी हसून वेळ मारून नेते. यंदा तीन जणांनी विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

गाडी घेतली तेव्हा आईला फोनवर सांगितलं. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "माझदा म्हणजे ती स्वराज माझदा? शाळेच्या पोरांची बस?" तिची चूक नव्हती. भारतात हे नाव आलं ते त्याच वाटेनं. ऐंशीच्या दशकात पंजाब ट्रॅक्टर्सनं या जपानी कंपनीशी भागीदारी करून पंजाबात स्वराज माझदा सुरू केली आणि मग ते छोटे ट्रक आणि मिनीबस गावोगावी दिसू लागल्या. २०११ मध्ये त्या कंपनीचं नाव एसएमएल इसुझू झालं, तरी आमच्या कोल्हापुरात लोक अजून "स्वराज माझदा केली होती लग्नाला" असंच म्हणतात. माझदाची मोटार मात्र भारतात कधी मिळालीच नाही. त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर माझदा म्हटलं की वऱ्हाड येतं, मोटार येत नाही.

गाडी का घेतली याचं खरं उत्तर फार साधं आहे. २०१७ मध्ये जुनी गाडी शोधत होते. एका निवृत्त शिक्षिकेकडे तीन वर्षं वापरलेली ही लाल हॅचबॅक होती. सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावलेली, किंमत परवडणारी. ऑस्ट्रेलियात ही काही नवलाची गाडीही नव्हे. २०११ आणि २०१२, दोन्ही वर्षी देशात सर्वांत जास्त खपलेली गाडी माझदा ३ च होती. नवल फक्त आपल्या लोकांत. आणि त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. टोयोटा लवकर मरत नाही, विकताना पैसे बरे येतात, वेळ पडली तर उबरला लावता येते. हिशेबात ते कुठंच चुकत नाहीत.

मी मात्र ही गाडी घेतल्यावर पहिल्याच रविवारी डँडेनाँगच्या डोंगरात नेली. तिथं वळणामागून वळण आहे, आपल्या आंबा घाटासारखं, फक्त गर्दी कमी आणि झाडं उंच. पहिल्या चारपाच वळणांतच माझ्या लक्षात आलं, की मी स्टिअरिंग वळवते आहे असं वाटतच नाही; मी बघते आणि गाडी तिकडे जाते. माझदाचे लोक याला 'जिनबा इत्ताई' म्हणतात, स्वार आणि घोडा एकजीव. आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे, मांड. मांड पक्की असली की लगाम ओढावा लागत नाही. बाकी सगळं वाचन, सगळी माहिती त्यानंतरची. तेव्हा इतिहास बघून गाडी घेतली असं कुणी समजू नये.

आता नावाचं सांगते, कारण त्यात आपलंही थोडं आहे. कंपनीचे संस्थापक मानले जातात ते जुजिरो मात्सुदा, कोळ्याच्या घरात जन्मलेले, लहान वयात ओसाकाला लोहाराकडे कामाला लागलेले. जपानीत कंपनीचं नाव आजही 'मात्सुदा' असंच उच्चारतात. पण रोमन लिपीत लिहिताना त्यांनी जे स्पेलिंग घेतलं ते अहुर माझदाचं, म्हणजे पारशी ज्याची उपासना करतात त्या देवाचं. आणि भाषेचे अभ्यासक सांगतात, की अवेस्तातला 'माझदा' आणि संस्कृतातली 'मेधा' एकाच मुळातून आले. म्हणजे प्रत्येक मराठी नातेवाइकांत जी एक तरी मेधाताई असते, ती माझ्या गाडीची चुलत बहीण लागते. (आमच्या मेधावहिनींना हे सांगितलं. त्यांच्याकडे कॅमरी आहे. त्या हसल्या नाहीत.)

कंपनीची सुरुवात १९२० साली हिरोशिमात झाली ती चक्क बुचं करायला. तोयो कॉर्क कोग्यो. बुचांच्या धंद्यात फार काही उरेना, मग यंत्रं, हत्यारं, आणि १९३१ मध्ये तीनचाकी मालगाडी. पुढं मोटारसायकलसारखं हँडल आणि एक चाक, मागं हौदा. आपल्याकडे नंतर बजाज टेम्पोची हॅन्सीट फटफटत भाजी वाहायची, त्याच जातीची. 'माझदा' हे नाव पहिल्यांदा लागलं ते या तीनचाकीला. म्हणजे आईची मालवाहू शंका अगदीच गैर नव्हती.

२०२३ मध्ये जपानला गेलो तेव्हा मी नवऱ्याला आणि मुलाला घेऊन हिरोशिमाहून लोकलनं दोन स्टेशनं पुढं, मुकाइनादाला उतरले. तिथं कारखान्याच्या आवारातच कंपनीचं संग्रहालय आहे, आधी नाव नोंदवून जावं लागतं. आदल्या दिवशी आम्ही शांती स्मारक पाहिलं होतं. त्यामुळे त्या दिवशी कुणी फार बोलत नव्हतं. स्टेशनकडे परतताना मी पश्चिमेला बघत होते, मधे हिजियामा नावाची टेकडी कुठली ते शोधत. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी बॉम्ब पडला तो कारखान्यापासून साधारण पाच किलोमीटरवर. मधे ती ठेंगणी टेकडी होती म्हणून कारखाना बराचसा उभा राहिला. शहरात गेलेले कामगार मात्र गेले ते गेलेच. जुजिरो मात्सुदांचा तो सत्तरावा वाढदिवस होता. सकाळीच शहरात केस कापून ते निघाले आणि म्हणून वाचले. पुढं कित्येक महिने जिल्ह्याचं सरकार याच कारखान्याच्या इमारतीतून चाललं, कारण शहरात कचेरी म्हणावी अशी इमारत उरली नव्हती. आणि त्याच डिसेंबरात तीनचाकी गाड्या पुन्हा बनू लागल्या. चारच महिन्यांत. राख होऊन पडलेल्या शहरात पहिली गरज होती ती सामान वाहायची.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कास्टिंग कुठून आणलं असंल?" अण्णांचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथचं शॉप होतं, ऑइल इंजिनाचे सुटे भाग करायचे. त्यांना जगातली कुठलीही गोष्ट सांगा, ते कास्टिंगवर येतात. म्हणून रोटरी इंजिनाची गोष्ट मी त्यांच्यासाठी राखून ठेवली होती.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीला जपान सरकारच्या मनात होतं, की मोटार कंपन्या फार झाल्या, दोनतीन मोठ्या गटांत त्या एकत्र कराव्यात. हिरोशिमातली ही छोटी कंपनी त्यात गिळली गेली असती. जगायचं तर दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी हवं. तेव्हाचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी १९६१ मध्ये जर्मनीतल्या एनएसयू कंपनीकडून फेलिक्स वांकेलच्या रोटरी इंजिनाचा परवाना घेतला.

"पिस्टनच नाही अण्णा त्यात."

"पिस्टन नाही? मग फिरतंय काय आत?"

"त्रिकोण. फुगीर बाजूंचा. भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखी पोकळी असते, त्यात तो गरगरतो. त्याच्या तीन बाजूंना तीन कप्पे. फिरता फिरताच हवा आत घेतो, दाबतो, पेटवतो, बाहेर टाकतो."

बराच वेळ काही आवाज नाही. मग, "आन् टोकाला सील कसं करतात?"

लेथवर चाळीस वर्षं उभा राहिलेला माणूस. सगळं सोडून त्यांनी नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. १९६३ मध्ये केनइची यामामोतो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस इंजिनिअरांची तुकडी बसवली होती. जपानी इतिहासात गाजलेल्या सत्तेचाळीस रोनिनांवरून, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंवरून, त्यांना तेच नाव पडलं. ती तुकडी याच टोकांशी अडली. त्रिकोणाच्या कोपऱ्यांवरच्या सीलपट्ट्या फिरताना थरथरायच्या आणि पोकळीच्या गुळगुळीत भिंतीवर लाटेसारखे चर पाडायच्या. जपानीत त्याला सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. अण्णा म्हणाले, "म्हंजे चॅटर मार्क. टूल ढिलं असलं की जॉबवर उठतात तसे." अगदी तेच! ती थरथर मोडायला त्यांनी पट्टीत आडवी-उभी पोकळी पाडून बघितली, तेव्हा कळलं की दोष पट्टीच्या स्वतःच्या कंपनात आहे. शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली पट्टी चालली. ३० मे १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट ही रोटरीवर चालणारी गाडी बाजारात आली. यामामोतोंनी स्वतःची बहीण अणुबॉम्बमध्ये गमावली होती आणि युद्धानंतर याच कारखान्यात तीनचाकीचे गिअर जोडण्यापासून सुरुवात केली होती. पुढं १९८४ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी तोयो कोग्यो हे नाव जाऊन कंपनी अधिकृतपणे माझदा झाली.

मधली वर्षं भराभर सांगते. १९७३ चं तेलसंकट आलं आणि पेट्रोल पिणारं रोटरी कंपनीच्या गळ्याशी आलं. सुमितोमो बँकेनं हात दिला, कारखान्यातल्या कामगारांना शोरूमवर गाड्या विकायला पाठवलं. १९७९ मध्ये फोर्डनं जवळपास चौथा हिस्सा घेतला, १९९६ मध्ये तो ३३.४ टक्क्यांवर नेला आणि अध्यक्षही आपला बसवला. २००८ पासून फोर्ड हळूहळू बाहेर पडली. आणि आता पार्किंगमधल्या टोयोटावाल्यांनी कान द्यावा: २०१७ पासून माझदाचे सुमारे पाच टक्के शेअर टोयोटाकडे आहेत. तेव्हा मी अगदीच परकी नाही.

फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत १९९१ साली माझदाची नारिंगी-हिरवी ७८७बी पहिली आली, रोटरी इंजिनावर. ती शर्यत जिंकणारी पहिली जपानी कंपनी माझदा. टोयोटाला त्यासाठी २०१८ उजाडावं लागलं. शेवटच्या फेऱ्या चालवणारा जॉनी हर्बर्ट इतका थकला, की व्यासपीठावरही जाऊ शकला नाही. संग्रहालयात ती गाडी बघून माझा चौदा वर्षांचा मुलगा, जो आईच्या गाडीतून शाळेजवळ उतरायला लाजतो, पंधरा मिनिटं हलला नाही.

आता बाकीचे माझदावाले काय म्हणतात ते सांगते, नाहीतर मीच एकटी वेडी ठरेन. एमएक्स-५ वाले वेगळीच जमात. १९८९ पासूनची ही दोन सीटांची उघडी गाडी, २०१६ मध्ये तिचा दहा लाखावा नग निघाला. आमच्या गल्लीत एक सत्तरीचे गृहस्थ रविवारी सकाळी थंडीत टोपी घालून, छत उघडून जातात. समोरून दुसरी एमएक्स-५ आली की दोघं हात करतात. आपल्याकडे एसटीचे ड्रायव्हर एकमेकांना करतात तसा. रोटरीवाले त्याहून अवघड. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि तिकडं प्वेर्तो रिको, इथं त्यांची भक्ती बघावी. थांबलेल्या गाडीचा तो अडखळता 'ब्रॅप ब्रॅप' आवाज त्यांना भजनासारखा. तेच लोक हेही सांगतात, की पेट्रोल भरताना दर वेळी ऑइल तपासा, कारण रोटरी ऑइलही पिते, आणि सील गेलं की इंजिन उघडायचं. आरएक्स-८ या रोटरी गाडीचं उत्पादन २०१२ मध्ये थांबलं, तरी भक्ती कमी झाली नाही.

माझ्यासारख्या साध्या माझदावाल्यांच्या तक्रारी आणि कौतुकं साधी. मागची सीट अरुंद, रस्त्याचा आवाज आत येतो, हे नेहमीचं. सीव्हीटीच्या, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकच्या, लाटेत साधा सहा गिअरचा ऑटोमॅटिक टिकवला म्हणून शाबासकी. स्क्रीनला हात न लावता, रस्त्यावरची नजर न काढता गोल नॉबनं सगळं चालवता येतं म्हणून आणखी शाबासकी. आणि २०२५ मध्ये दाखवलेल्या नव्या सीएक्स-५ मधून तो नॉबच काढून भला मोठा टचस्क्रीन बसवला म्हणून शिव्या. त्या शिव्यांत मीही आहे. आणि सगळं गोडच सांगायचं नाही: वारंवार बिघडणाऱ्या गाड्यांच्या नऊ ग्राहकांना त्यांच्या हक्कांबद्दल चुकीचं सांगितलं म्हणून माझदा ऑस्ट्रेलियाला २०२१ मध्ये फेडरल कोर्टानं दोषी ठरवलं आणि २०२४ मध्ये १ कोटी १५ लाख डॉलरचा दंड झाला. गाडीवर प्रेम असलं म्हणून कंपनीची वकिली करायची गरज नाही.

गेल्या डिसेंबरात अण्णा मेलबर्नला आले. विमानतळावरून घरी पोचलो, बॅगा अजून डिकीत, आणि ते म्हणाले, "बॉनेट उघड." उघडलं. चष्मा लावून, मागं हात बांधून त्यांनी वाकून बघितलं. डावीकडून, मग उजवीकडून.

"ह्यात तो त्रिकोण कुठंय?"

"ह्यात नाही अण्णा. साधे चार पिस्टन आहेत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की कोल्हापूरचं तिकीट परत काढावं लागेल वाटलं. "मग एवढी गोष्ट कशापायी सांगितलीस?"

मला काही उत्तर सुचेना. त्यांनी बॉनेट खाली घेतलं, न आपटता, शेवटी तळहातानं दाबून. आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. "चल," म्हणाले, "तो तुझा घाट दाखव."