नेदरमधून बांबूच्या जंगलापर्यंत: माइनक्राफ्टमधला एक सुरक्षित रस्ता

आमच्या बेसपासून बांबूचं जंगल सरळ पूर्वेला ३२०० ब्लॉकवर आहे. चालत गेलं तर बारा मिनिटं, वाटेत समुद्र आणि रात्र. नेदर म्हणजे या गेममधलं आग आणि लाव्हाने भरलेलं दुसरं जग. तिथला एक ब्लॉक म्हणजे वरच्या, नेहमीच्या जगातले आठ, त्यामुळे तिथे हेच अंतर ४०० ब्लॉकचं होतं. म्हणून आम्ही मित्रांनी सर्व्हरवरच्या सगळ्यांसाठी नेदरमधून पक्का रस्ता बांधायला घेतला.

आधी जंगलातल्या पोर्टलचे, म्हणजे दोन जगांना जोडणाऱ्या दाराचे, एक्स आणि झेड (जमिनीवरची जागा सांगणारे) आकडे लिहून घेतले, आठने भागले आणि नेदरमध्ये बरोबर त्या जागी स्वतःच्या हाताने पोर्टल उभारलं. वाय, म्हणजे उंचीचा आकडा, भागायचा नसतो. हे काम गेमवर सोडलं तर पोर्टल कुठल्या कड्यावर उघडेल याचा नेम नाही.

सुरुवातीचा टप्पा नेदररॅकमधून, म्हणजे तिथल्या मऊ लाल दगडातून, खोदलेला बोगदा. दगडात लाव्हा दडलेला असतो आणि नेदरमध्ये तो वरच्या जगापेक्षा तिप्पट वेगाने पसरतो, म्हणून एका हातात कोबलस्टोन (साधा ओबडधोबड दगड) तयार ठेवा आणि पायाखाली सरळ कधीच खोदू नका.

खरी कसोटी पुढे, लाव्हाच्या समुद्रावर. तिथे गास्ट, आगीचे गोळे फेकणारा उडता राक्षस. त्याच्या आगगोळ्याने नेदररॅक फुटतो, कोबलस्टोन फुटत नाही. त्यामुळे पूल, भिंती, छप्पर, सगळं कोबलस्टोनचंच. शिफ्ट दाबून ठेवली की कडेवरून पाय घसरत नाही. ‘आधी पूल पुरा करू, भिंती नंतर’ हा विचार मला अजिबात मान्य नाही. चार-पाच ब्लॉक पुढे सरकलं की दोन्ही बाजू बंद करूनच पुढचं पाऊल. जमिनीला खालच्या अर्ध्या स्लॅब (अर्ध्या उंचीच्या फरशा) वापरल्या, त्यांच्यावर मॉब (गेममधले प्राणी आणि राक्षस) जन्मत नाहीत. नुसत्या मशालींवर विसंबू नका, झोंबी पिग्लिन (डुकरासारखे झोंबी) बऱ्यापैकी उजेडातही येतात.

बेसॉल्ट डेल्टात (नेदरमधल्या काळ्या दगडाच्या प्रदेशात) मात्र पूल बांधण्याच्या फंदात पडू नका, बोगदाच काढा. मॅग्मा क्यूब, म्हणजे उड्या मारणारे लाव्हाचे राक्षस, उघड्यावर जगू देत नाहीत.

अंगावर सोन्याची एक तरी वस्तू घाला, बूट चालतील. पिग्लिन, म्हणजे नेदरमधले सोन्याचे वेडे डुक्करमुखी रहिवासी, शांत राहतात, पण त्यांच्यासमोर पेटी उघडलीत किंवा सोनं खोदलंत तर बुटांचा काही उपयोग नाही. पलंग तिथे झोपायला गेलं की फुटतो, पाणी ओतता येत नाही, होकायंत्र भरकटतं. चकमक मात्र हवीच: गास्टच्या गोळ्याने पोर्टल विझतं आणि ते पुन्हा पेटवायला दुसरा सोपा मार्ग नाही. आम्ही दोन्ही टोकांना पेटीत एकेक जादा चकमक ठेवली आहे. वापरलीत तर दुसरी आणून ठेवा.