कोलिझियम स्टेशन आणि चार गुणांचा हिशेब

सॅन फ्रान्सिस्कोच्या एम्बार्काडेरो स्टेशनातून बार्टची, म्हणजे तिथल्या लोकल रेल्वेची, गाडी सुटली की लगेच खाडीखालच्या बोगद्यात शिरते. तिथून कोलिझियम, म्हणजे ओकलंडच्या जुन्या बास्केटबॉल अरेनाजवळचं स्टेशन, हा चौथा थांबा: वेस्ट ओकलंड, लेक मेरिट, फ्रूटव्हेल, मग कोलिझियम. बेरिएसा किंवा डब्लिन-प्लेझंटनची पाटी असलेली गाडी घ्यायची. चुकून रिचमंड किंवा अँटिओकच्या गाडीत बसलात, तर ती वेस्ट ओकलंडनंतर दुसऱ्या फाट्याला लागते. तसं लक्षात आलं की वेस्ट ओकलंडलाच उतरून गाडी बदलावी. भाड्याचं क्लिपर कार्ड आत शिरताना टेकवायचं, तसंच बाहेर पडतानाही.

१९ जून २०१६ रोजी एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, अंतिम मालिकेचा सातवा सामना ज्या इमारतीत झाला, ती पाहायला मी निघालो होतो. क्लीव्हलँड कॅव्हलिअर्स ९३, गोल्डन स्टेट वॉरियर्स ८९. खिशात त्या सामन्याच्या बॉक्स स्कोअरचा, म्हणजे आकडेवारीच्या तक्त्याचा, घडी घातलेला कागद होता. बोगद्यात चाकांचा आवाज इतका चढतो की बोलणं अशक्य होतं, पण वाचायला तेवढा वेळ छान मिळतो.

अटीतटीच्या सामन्याचा बॉक्स स्कोअर हाती आला की बहुतेकांची नजर आधी गुणांच्या रकान्यावर जाते. तो रकाना शेवटी वाचावा असं माझं ठाम मत आहे. आधी संघाची एकूण ओळ घ्यायची आणि गुण तीन ढिगांत वाटायचे: दोनचे, तीनचे (दूरच्या रेषेबाहेरून घातलेल्या शॉटचे) आणि फ्री थ्रोचे (फाउल झाल्यावर मिळणाऱ्या, एका गुणाच्या मोकळ्या फेकीचे).

क्लीव्हलँडने ८२ पैकी ३३ शॉट घातले, त्यात तीन गुणांचे २५ पैकी ६, आणि फ्री थ्रो २५ पैकी २१. गोल्डन स्टेटने ८३ पैकी ३२, तीन गुणांचे ४१ पैकी १५, फ्री थ्रो १३ पैकी १०. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ३३ हे सगळे दोन गुणांचे शॉट धरणं. एकूण शॉटच्या आकड्यात तीन गुणांचे शॉटही मोजलेले असतात, म्हणून ते आधी वजा करायचे. क्लीव्हलँडचे दोन गुणांचे शॉट २७, म्हणजे ५४ गुण. गोल्डन स्टेटचे १७, म्हणजे ३४. इथे क्लीव्हलँड २० ने पुढे. तीन गुणांच्या रेषेबाहेरून १८ विरुद्ध ४५, म्हणजे २७ ने मागे. फ्री थ्रोवर २१ विरुद्ध १०, पुन्हा ११ ने पुढे. वीस अधिक अकरा वजा सत्तावीस, उरले चार. बेरीज जुळली की आकडे बरोबर उतरवलेत याचीही खात्री होते.

वेस्ट ओकलंडला गाडी उजेडात येते आणि बंदराच्या उंच क्रेन दिसतात. तेवढ्यात एक गणित उरकता येतं. तीन गुणांच्या शॉटला दीडपट मोल देऊन टक्केवारी काढली, तर क्लीव्हलँडची ४३.९ येते आणि गोल्डन स्टेटची ४७.६. म्हणजे नेमबाजीत हरणारा संघ सरस होता! आता फ्री थ्रोही हिशेबात घेऊ. एकूण शॉटमध्ये फ्री थ्रोंच्या ०.४४ पट मिळवायचे, त्याची दुप्पट करायची आणि गुणांना तिने भागायचं. फ्री थ्रो सहसा जोडीने मिळतात, मग ०.५ का नाही? कारण शॉट पडून वर मिळालेला एकच फ्री थ्रो, तांत्रिक फाउलचा (गैरवर्तनासारख्या कारणाचा) फ्री थ्रो किंवा तीन गुणांच्या शॉटवरच्या फाउलचे तीन फ्री थ्रो यांनी ते प्रमाण बिघडतं. ०.४४ ही सरासरी आहे. एका सामन्यात ती थोडी इकडेतिकडे होऊ शकते.

क्लीव्हलँड: २५ गुणिले ०.४४ म्हणजे ११, अधिक ८२, झाले ९३. ९३ गुण भागिले १८६, म्हणजे बरोबर ५० टक्के. गोल्डन स्टेट: ८३ अधिक ५.७२ म्हणजे ८८.७२, आणि टक्केवारी ५०.२. दोन्ही संघांना दर प्रयत्नामागे साधारण एकच गुण मिळाला. फरक एवढाच की क्लीव्हलँडचे प्रयत्न चारेक जास्त झाले. या सामन्याचं सगळं सार मला त्या ९३ आणि ८८.७२ मध्ये दिसतं. असे जादा प्रयत्न आक्रमक रिबाउंडमधून (आपलाच हुकलेला शॉट पुन्हा ताब्यात घेण्यातून) आणि चेंडू कमी गमावण्यातून येतात, म्हणून निसटता सामना वाचताना त्या दोन रकान्यांवर बोट ठेवावं.

लेक मेरिटला गाडी पुन्हा जमिनीखाली असते. इथे खेळाडूंच्या ओळी उघडल्या.

ड्रेमंड ग्रीन: ३२ गुण, १५ रिबाउंड, ९ असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने गुण केले असे पास), १५ पैकी ११ शॉट, तीन गुणांचे ८ पैकी ६. मैदानावरची सर्वांत देखणी ओळ हरलेल्या संघात आहे. त्याचे आकडे वजा केले तर बाकीच्या वॉरियर्सचे ६८ पैकी २१ शॉट उरतात, ३१ टक्केही नाहीत. स्टीफन करी १९ पैकी ६, क्ले थॉम्पसन १७ पैकी ६; दोघांचे मिळून तीन गुणांचे २४ पैकी ६. संघाच्या सरासरीत ग्रीनने हे सगळं झाकलंय.

लेब्रॉन जेम्सच्या २७ गुण, ११ रिबाउंड, ११ असिस्ट या ओळीत २४ पैकी ९ शॉट बघून नाक मुरडणारे भेटतात. पण फ्री थ्रो १० पैकी ८ आहेत, आणि ते ८ गुण शॉटच्या टक्केवारीत कुठेच दिसत नाहीत. शेवटच्या क्वार्टरमध्ये क्लीव्हलँड ८३-८७ मागे असताना तीन गुणांचा शॉट मारताना त्याच्यावर फाउल झाला. तिन्ही फ्री थ्रो आत. फाउल होऊन शॉट हुकला तर तो प्रयत्नांत धरतच नाहीत, त्यामुळे त्या २४ मध्ये ही फेक नाही. लगेच पुढे त्याने सामन्यातला आपला एकमेव तीन गुणांचा शॉट घातला आणि ८९-८७ झाले.

केविन लव्हचे गुण फक्त ९, शॉट ९ पैकी ३. पण रिबाउंड १४ आणि प्लस-मायनस अधिक १९: तो मैदानावर असताना क्लीव्हलँडने प्रतिस्पर्ध्यापेक्षा १९ गुण जास्त केले. हा आकडा सोबतच्या चौघांचाही असतो, म्हणून एका सामन्यावरून कोणाची लायकी ठरवू नये. फक्त ९ गुणांवर त्याचा खेळ मोजू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

फ्रूटव्हेल उंचावर आहे, कोलिझियमही. कोलिझियमला फलाटावरून खाली आलं की पादचारी पुलाकडे जाता येतं. दोन्ही बाजूंना उंच जाळी, खाली सॅन लिआंड्रो रस्ता आणि रेल्वेचे रूळ, आणि समोर १९६६ साली उघडलेली गोल इमारत. तेव्हा नाव ओरॅकल अरेना, आता ओकलंड अरेना. वॉरियर्स २०१९ मध्ये खाडीपलीकडच्या चेस सेंटरमध्ये गेले. त्या काळी इथे १९,५९६ माणसं बसत.

पुलावर थांबून शेवटची ४ मिनिटं ३९ सेकंद वाचली. क्ले थॉम्पसनच्या लेअपने, म्हणजे बास्केटजवळून टाकलेल्या शॉटने, ८९-८९ झाले. मालिकेतल्या आधीच्या सहा सामन्यांची बेरीज दोन्ही संघांची ६१० होती, म्हणजे त्या क्षणी ६९९-६९९. त्यानंतर वॉरियर्सचे सलग नऊ शॉट हुकले. त्यातला एक आंद्रे इग्वाडालाचा, १ मिनिट ५० सेकंद उरलेले असताना: मागून धावत आलेल्या जेम्सने तो बोर्डावर दाबला. कागदावर त्याची नोंद इग्वाडालाचा एक हुकलेला प्रयत्न आणि जेम्सचा एक ब्लॉक एवढीच. किती अंतर धावून आला, त्याला रकाना नाही.

५३ सेकंद असताना कायरी अर्व्हिंगने करीवरून तीन गुण घातले. १०.६ सेकंद असताना जेम्सला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला हुकला, दुसरा पडला आणि आघाडी तीनवरून चार झाली. तीनची आघाडी असती तर रेषेबाहेरचा एक शॉट बरोबरीला पुरला असता. चारला तो पुरत नाही. वॉरियर्सच्या गुणांच्या रकान्यात त्यानंतर काहीच भरलं गेलं नाही.