तिचा राग येत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. न विचारता सांगण्याचीही मला खोड आहे, त्यामुळे इथल्या मराठी मंडळातल्या दोघी-तिघी मला लांबून पाहिलं की खुर्ची बदलतात. पण हा एक प्रश्न मात्र लोक आपणहून विचारतात. टोरोंटोतल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत विचारतात, ठाण्याला गेले की सोफ्यावर सरकून जवळ येऊन विचारतात. "ज्या बाईनं पोटात पोर असताना दारू प्यायली आणि तुमच्या लेकाचं हे असं करून ठेवलं, तिचा राग येत नाही का गं तुला?"

'हे असं' म्हणजे फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, थोडक्यात एफएएसडी. आईच्या पोटात असताना दारूमुळे बाळाच्या मेंदूला झालेली इजा. गरोदर बाईच्या रक्तातली दारू वारेतून बाळापर्यंत जाते. बाळाच्या रक्तात तिचं प्रमाण जवळजवळ आईइतकंच होतं आणि ती पचवायला लागणारं यकृत अजून तयार झालेलं नसतं. मेंदू पूर्ण नऊ महिने घडत असतो, त्यामुळे 'आता धोका टळला' असा महिना नाही, आणि 'इतकी चालते' असं मापही आजवर कुणाला सापडलेलं नाही.

आमचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. आमच्याकडे आला तेव्हा दोनाचा होता. इथल्या ऑन्टारिओ प्रांतात मुलांच्या संरक्षणासाठी ज्या संस्था आहेत, त्यांच्यातल्या एकीमार्फत आम्ही त्याला दत्तक घेतलं. दिसायला चारचौघांसारखा, बोलायला गोड. "बघून तर काहीच वाटत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याला उत्तरच देत नाही. दात घास, डबा दप्तरात टाक, बूट घाल अशी तीन कामं एका दमात सांगितली की पहिलं होतं, आणि दुसऱ्याच्या वाटेवर तो कुत्र्याशी गप्पा मारत बसलेला सापडतो. बाराचा पाढा सोमवारी घडाघडा म्हणेल, मंगळवारी बारा दुणे किती ते आठवणार नाही. दहा मिनिटं आणि एक तास यांतला फरक त्याला आतून कळत नाही. शिक्षा केली तर मनापासून रडतो, पण आजच्या शिक्षेची गाठ उद्याच्या वागण्याशी त्याला मारता येत नाही. आपलं सगळं 'छडी लागे छमछम' नेमकं तिथंच फुकट जातं.

मध्यंतरी शाळेतून फोन आला. एका मुलीच्या बॅगेतून त्यानं पैसे घेतले म्हणे, आणि कबूलही केलंय. कबुलीत तपशील होता. कुठल्या कप्प्यातून काढले, कसे काढले, त्यांचे चिप्स घेऊन कुठे बसून खाल्ले. मी फक्त तारीख विचारली. त्या दिवशी तो शाळेतच नव्हता. दाढ काढायला माझ्यासोबत दंतवैद्याकडे होता, आणि गाल सुजवून संध्याकाळभर पेज पीत होता. समोरचं मोठं माणूस चिडलंय आणि त्याला 'हो' ऐकायचंय, एवढंच त्याला उमगलं होतं. बाकीची रिकामी जागा त्याच्या मेंदूनं भरली, आणि एकदा भरली की ती त्यालाही खरीच वाटते. या मुलांमध्ये हे नेहमी दिसतं, कॉन्फॅब्युलेशन म्हणतात त्याला. शाळेतलं प्रकरण दंतवैद्याच्या पावतीवर मिटलं. उद्या हेच पोलिसांसमोर झालं तर कुठली पावती शोधायची?

आता त्याला जन्म देणाऱ्या बाईबद्दल. त्यासाठी हे निदान कसं होतं ते आधी सांगायला हवं. कॅनडाच्या पद्धतीनुसार मेंदूच्या कामाचे दहा भाग तपासतात. स्मरणशक्ती, लक्ष, भाषा, भावनांवरचा ताबा, व्यवहारातलं वागणं, असे. किमान तीन भागांत तरी गंभीर अडचण असावी लागते. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, स्पीच थेरपिस्ट असा सगळा ताफा बसतो. आणि मग प्रश्न येतो की आईनं गरोदरपणात दारू घेतली होती याची खात्रीशीर नोंद आहे का? डोळ्यांच्या आखूड फटी, नाकाखालची सपाट झालेली खाच, पातळ वरचा ओठ, असा तिन्ही खुणा असलेला चेहरा असेल तर नोंदीवाचून भागतं. पण तसा चेहरा दहातल्या एकाचाही नसतो. बाकीच्यांसाठी सगळं त्या नोंदीवर अडतं. ती नसली की कुणी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि स्वस्थ न बसवण्याचा विकार, म्हणतं, कुणी ऑटिझम, आणि बरेच जण सरळ 'वाया गेलेलं कार्टं'.

आमच्या मुलाच्या फाइलमध्ये ती नोंद होती. एकच ओळ. बाळंतपणाच्या आधी तिनं आपणहून नर्सला सांगितलं होतं की दिवस गेलेत हे कळेपर्यंत ती रोज पीत होती, आणि नंतरही पूर्ण सुटली नाही. हे सांगितलं तर मूल काढून घेतील, हे तिला ठाऊक असणार. मूल काढून घेतलंच. तरी तिनं सांगितलं. त्या एका ओळीवर माझ्या लेकाचं सातव्या वर्षी निदान झालं, शाळेत वेगळी व्यवस्था झाली, त्याच्या मागे 'खोटारडा' लागायच्या आत त्याच्यासोबत एक कागद उभा राहिला. त्या बाईचा राग करू?

ती कोण, कुठल्या समाजातली, हे तुमचे पुढचे प्रश्न असतात. ते मी सांगत नाही. ती गोष्ट त्याची आहे, त्यानं हवी तर सांगावी.

राग येतो, नाही असं नाही. मला राग येतो तो 'आपल्यात नाही हो हे' म्हणणाऱ्यांचा. महाराष्ट्रात बायकांनी दारूविरुद्ध मोठ्या लढाया लढल्यात. गावोगाव मतदान घेऊन, आडव्या बाटलीवर शिक्के मारून दुकानं बंद पाडलीत. त्याचं कौतुक मलाही आहे. पण त्या सगळ्या लढाईत पिणारा तो आणि सोसणारी ती, हे इतकं ठरून गेलं की पिणाऱ्या बाईला जागाच उरली नाही. ती असलीच तर बदफैली, नाहीतर पेज थ्रीवरची. आणि दुसरीकडे जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे आपण भर चर्चेत ऐकलंच. बाळाच्या मेंदूला द्राक्षं नाशिकची होती की आणखी कुठली, काही कळत नाही.

हे काही नवं खूळही नाही. फ्रान्समधल्या नान्तच्या पॉल लमवान या डॉक्टरांनी १९६८ साली दारू पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांबद्दल लिहिलं होतं, आणि फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७३ साली सिअ‍ॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं आणि या आजाराला नाव मिळालं. टोरोंटोच्याच बॉनी बक्सटन आणि ब्रायन फिलकॉक्स या जोडप्यानं, आमच्यासारख्याच दत्तक आईबापांनी, अमेरिकेतल्या एका आईच्या साथीनं ९ सप्टेंबर १९९९ ला पहिला एफएएसडी दिवस पाळला. नवव्या महिन्यातली नववी तारीख, सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटं. गरोदरपणाचे नऊ महिने लक्षात राहावेत म्हणून. कधीकधी हा दिवस गणपतीच्या आसपास येतो, तेव्हा मी मंडळाच्या फलकावर चिठ्ठी लावते. मुलगा गणपतीच्या मिरवणुकीत कानांना आवाज बंद करणारे हेडफोन लावून ध्वज नाचवतो. ताशा त्याला सहन होत नाही, ध्वज सोडवत नाही.

ऑन्टारिओत २००५ पासून दारूच्या दुकानात गरोदरपणाबद्दलची पाटी लावावी लागते. फ्रान्समध्ये २००७ पासून बाटलीवर चिन्ह आहे, ऑस्ट्रेलियात २०२३ पासून इशारा सक्तीचा झाला. भारतात २०१९ पासून बाटलीवर आरोग्याला अपाय होतो आणि पिऊन गाडी चालवू नका, असं छापावं लागतं. चालवणाऱ्याची काळजी घेतली, पोटातल्याची राहून गेली.

मागच्या भारतवारीत भाचीबरोबर तिच्या पहिल्या तपासणीला गेले होते. (तिला विचारून लिहितेय.) डॉक्टर बाई चांगल्या, वेळ देणाऱ्या. थायरॉइड विचारलं, घरात कुणाला मधुमेह विचारलं. मग भाचीच्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही ड्रिंक्स वगैरे घेता का?" भाचीला विचारलंच नाही. कशाला विचारतील? सासूबाई शेजारी बसलेल्या.

जिन्यात भाचीनं माझा हात धरला. "मावशी, गोव्याला गेलो होतो ना, तेव्हा मला माहीतच नव्हतं गं. तिन्ही दिवस घेतली होती." तिचे डोळे भरलेले. मी म्हटलं, झालं ते झालं, त्यानं तुझ्या बाळाला काही होईलच असं नाही. आता बंद, अगदी थेंबभरही नको. आणि पुढच्या वेळी एकटी ये आणि त्यांना सांग. ती म्हणाली, काय म्हणतील त्या? मी म्हटलं, काय म्हणायचं ते म्हणू देत, लिहून तर घेतील.

ती गेली, तिनं सांगितलं. डॉक्टर काहीच म्हणाल्या नाहीत. कार्डावर लिहून घेतलं, आणि नंतर येणाऱ्या बाईला नवऱ्याला बाहेर बसायला सांगून तोच प्रश्न विचारला, हे भाचीला दाराबाहेर ऐकू आलं.