मारबत ते कोजागिरी: खंडोबाच्या किड्यांचा हिशेब

मारबतीनंतरचा पहिला रविवार, नागपूरची सेमिनरी हिल्स. शोध खंडोबाच्या किड्याचा, म्हणजे प्रेइंग मँटिसचा. दोन तास घाणेरीची झुडपं चाळली आणि हाती भोपळा. चूक सरळ होती, मी किडा शोधत होतो. मग फक्त माश्या-मधमाश्या घोंगावतात ती फुलं धरली आणि वाकून खालून वर बघितलं. अर्ध्या तासात तीन सापडले. तिघांच्याही पाठीवर पंखांच्या जागी नुसत्या कळ्या, म्हणजे पिल्लंच.

"काय पाहून राहिले जी?" फिरायला आलेल्या एका काकांनी विचारलं. दाखवलं तर म्हणाले, "हा तं नाकतोडा आहे." आपल्याकडे हिरवं आणि लांब पायांचं दिसलं की तो नाकतोडाच!

ओळखीत मात्र मीही त्यांच्याच पंक्तीला. मागच्या वर्षी प्रत्येक हिरव्या किड्यापुढे वहीत 'मँटिस रेलिजिओसा' हे एकाच जातीचं नाव लिहून मोकळा झालो होतो. एकाच जातीत हिरवे आणि तपकिरी दोन्ही निघतात, तेव्हा रंगावर जाणं बंद. आता पुढच्या पायाची आतली बाजू मिळाल्याशिवाय नाव लिहीत नाही. रेलिजिओसाच्या या पायाच्या बुडाशी, कॉक्सावर, आतून काळा ठिपका असतो, पुष्कळदा मधे पांढरा. हात लावायची गरज नाही. मांजरासारखा तो पाय चाटून साफ करतो, तेवढा वेळ कॅमेरा धरून बसायचं. या नियमाने जुने फोटो तपासले तर बरेचसे हायरोड्युला या दुसऱ्या गटातले निघाले: अंगाने भरलेले, पुढच्या पंखावर एकेक पांढरट ठिपका.

डोळ्यांनीही एकदा फसवलं. अंबाझरीला दुपारी हिरव्या डोळ्यांचा पाहिलेला, रात्री टॉर्चमध्ये त्याच फांदीवर काळ्या डोळ्यांचा! वहीत दोन नोंदी झाल्या. अंधार पडला की यांचे डोळे गडद होतात, हे नंतर कळलं. एक नोंद खोडली. दिवसा डोळ्यात दिसणारा, आपल्यामागे फिरणारा काळा ठिपकाही बुबुळ नव्हे. डोळा असंख्य बारीक नेत्रिकांचा बनलेला असतो, त्यातल्या आपल्याकडे रोखलेल्या नेत्रिका प्रकाश परत फेकत नाहीत म्हणून तो तसा दिसतो.

गोरेवाड्याच्या बाजूच्या गवतात शिझोसेफाला, हाही खंडोबाचाच किडा, एकदाच दिसला. काडीच ती. वारा थांबल्यावर एक पातं उगाच हलत राहिलं म्हणून लक्ष गेलं.

या हंगामातली फजिती: वाळक्या फांदीवरची फेसाची सुकलेली अंड्यांची पेटी बरणीत घालून घरी आणली. रोज सकाळी पिल्लांची वाट बघत होतो. निघाल्या त्या इवल्याशा गांधीलमाश्या, मागच्या मांड्या फुगलेल्या आणि माद्यांना मागे अंडी घालायची लांब नळी. पोडॅग्रिऑन, या पेट्यांवरचा परजीवी. तेव्हापासून पेटी दिसली की आधी भोकं बघतो. कडेला गोल भोकं असली तर माश्या निघून गेल्या. मधल्या पट्टीतून बारीक धागे लोंबत असले तर पिल्लं.

कोजागिरीच्या रात्री गच्चीवर दूध आटत होतं आणि ट्यूबलाइटवर एक हायरोड्युला येऊन बसला. पोटाखालची वलयं मोजली, आठ. नर. मादी असती तर सहा दिसली असती. मोजेपर्यंत दूध उतू गेलं.