हात मध्ये येतात

आज गोल्फ खेळताना पंधरा-एक फुटांचा पट पडला, म्हणजे भोकाकडे हलकेच मारलेला चेंडू आत गेला, आणि मला आनंद झाला नाही. मंद्या ओरडला, "वसूल झाले रे पैसे!" मी हसलो, टोपीला हात लावला. घरी आलो, जेवलो, तरी ते डोक्यातून जाईना, म्हणून वही उघडली.

तो पट मी मारला का, एवढंच मला कळत नाहीये. लाइन मी बघितली, कॅडी बाबूने डावीकडे एक बोट जास्त धरा म्हटलं तेही ऐकलं, उभा मीच राहिलो. पण चेंडू पटरला, म्हणजे पट मारायच्या काठीला, लागला तेव्हा बोटांपर्यंत काही आलंच नाही. दात काढून आल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं. चेंडू गेला, वळला, पडला. मी बघत होतो.

हे सगळं त्या फिटिंगवाल्या, म्हणजे पटर आपल्या मापाचा करून देणाऱ्या, पोरापासून सुरू झालं. आमच्या चिनूपेक्षाही लहान असेल. कॅमेरा लावला, मला पट मारायला लावले, स्क्रीनवर रेघा दाखवल्या आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, बाकी ठीक आहे, पण तुमचे हात मध्ये येतात."

हात मध्ये येतात! आयुष्यभर भोसरीत, कारखान्यात, या हातांवर खाल्लं मी. जॉबच्या कडेवरून नख फिरवलं की बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत कड, राहिली आहे का ते कळायचं. दोन थाउची, म्हणजे इंचाच्या दोन हजारांशांची, पायरी अंगठ्याला लागते, त्यासाठी गेज शोधावा लागत नाही. आणि हा मला सांगतो की पटिंगमध्ये तेवढीच एक गोष्ट नको आहे.

तसा पोरगा कामाचा होता, हे मान्य. माझा पटर पस्तीस इंचांचा, दुकानात जसा मिळाला तसा. माझी उंची पाच फूट सहा. त्यामुळे पटरचा टो, म्हणजे पुढचं टोक, जमिनीपासून उचललेला राहायचा, खालून पत्त्यांचा अर्धा कॅट सहज सरकला असता. टो वर म्हणजे पटरचा चेहरा, चेंडूला लागणारी बाजू, किंचित डावीकडे. मी नकळत तो उजवीकडे ढकलून सरळ करायचो. कधी जमायचं, कधी नाही. त्याने दोन इंच कापले. मी म्हटलं होतं, दे इकडे, हॅकसॉने कापून कानस मारतो. त्याने पाइप कटर फिरवला, चार-पाच वेढ्यांत तुकडा टेबलावर. कड स्वच्छ आली होती. मी अंगठा फिरवून बघितलाच.

कापलं की हेड, पटरचा खालचा मारायचा भाग, हलकं लागतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. अर्ध्या इंचाला साधारण तीन पॉइंट स्विंगवेट, म्हणजे हातात जाणवणारा हेडचा जडपणा, जातं, एका पॉइंटला हेडमध्ये अंदाजे दोन ग्रॅम. दोन इंचांचे चोवीस-एक ग्रॅम झाले. त्याने बुडाचे पाच-पाच ग्रॅमचे स्क्रू काढून पंधरा-पंधराचे बसवले, म्हणजे वीस. उरलेल्याला शिशाची पट्टी लाव म्हटलं तर म्हणाला, "नको काका, ही ग्रिप तुमच्या जुन्या रबरीपेक्षा हलकी आहे. वरचं वजन गेलं की हेड आपोआप जड लागेल." बरोबर होतं. हा हिशेब मी घालायला हवा होता आणि त्याने घातला, हे मला तिथे उभ्याउभ्या आवडलं नाही. परवा सुहासने नव्या मशीनचं कोटेशन परस्पर पाठवलं. असो.

खरी गोम त्या ग्रिपमध्ये आहे. जाड, आतून फोम, वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची. पुढच्या बाजूने सपाट. अशी सपाट बाजू नियमाने फक्त पटरच्याच ग्रिपला चालते, आणि जाडीही पावणेदोन इंचांपर्यंत चालते. दोन्ही अंगठे शेजारी शेजारी पालथे पडतात आणि मनगटाला काही करायला जागाच उरत नाही. जुनी ग्रिप खाली निमुळती होती. उजव्या हाताची बोटं तिच्यावर पूर्ण वळायची. हेड मागे जाऊन परत निघायच्या वेळी जे एक थांबणं असतं ना, ते तर्जनीच्या पेरात कळायचं. आता तिथे नुसता फोम आहे.

आणि पट पडतायत. हेच तर दुखणं आहे. न पडते तर ग्रिप काढून फेकली असती. पावसाळ्यात येरवड्याच्या कोर्सची ग्रीन्स, भोकाभोवतालची हिरवळ, ओली, मंद. एरवी या दिवसांत माझे सगळे पट शॉर्ट राहतात आणि मंद्या "अरे जेवून ये आधी" म्हणतो. यंदा भोकापर्यंत जातायत.

संध्याकाळी एक उद्योग केला. हॉलमधल्या गालिच्यावर चेंडू टाकले, कानात कापूस घातला आणि पट मारले. ही दारात येऊन बघून गेली, काही बोलली नाही. कापूस घातल्यावर जे काय थोडंफार लागत होतं तेही गेलं. म्हणजे मी ज्याला हाताची जाण समजत होतो तिच्यातला बराच भाग कानाचा निघाला. कार्स्टन सोल्हाइम, जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर, त्याने 1959 साली घराच्या गॅरेजमध्ये पटर केला. चेंडू लागला की तो 'पिंग' असा वाजायचा, म्हणून कंपनीचं नावच पिंग पडलं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी त्या माणसाला ऐकू आलं होतं आणि मी इथे अंगठ्याची थोरवी गातोय. भोसरीतही खरं तर स्पिंडलचा आवाज बदलला की मी ऑफिसातून उठून यायचो. तेव्हा हात कुठे लावला होता?

मग जरा हसू आलं.

गोल्फर बर्नहार्ड लँगरचं आठवलं. यिप्स, म्हणजे तीन फुटांच्या पटवर हाताला बसणारा तो झटका, त्या माणसाने एकदा नाही, पुन:पुन्हा भोगला. डावा हात खाली घेऊन बघितला, मग उजव्या हाताने डाव्या हाताच्या कोपराखालच्या भागाशी शाफ्ट, म्हणजे पटरची दांडी, आवळून बघितला, शेवटी लांब झाडूसारखा पटर घेतला. 1 जानेवारी 2016 पासून पटर छातीला टेकवून मारायला बंदी आली, तर हात छातीपासून जरा सुटा ठेवून तोच लांब पटर वापरत राहिला. 1985 ला मास्टर्स स्पर्धा जिंकली, 1993 ला पुन्हा मास्टर्स. जर्मन माणूस, त्याच्या हातांना काय कमी जाण असेल? पण हात मध्ये येतायत म्हटल्यावर त्यांना बाजूला बसवायचे इतके प्रकार त्याने शोधले, आणि अपमान झाल्यासारखा तोंड पाडून बसलेला मी तरी त्याला कधी बघितला नाही.

माझा उजवा हात छोट्या पटवर आधीच निघतो, हे मंद्याला माहीत आहे, बाबूलाही. बाबू तेवढ्यापुरता दुसरीकडे बघतो. हल्ली चहाची बशीही वाजते. त्यावर ही काही बोलत नाही, मीही काढत नाही.

तरीही बोटांना काही लागू नये, हे मला पटत नाही. मधल्या जाडीची ग्रिप मिळते, खाली किंचित निमुळती. ती मी स्वत: बसवणार: डबल टेप, थिनर, वाइसमध्ये शाफ्ट, आणि सपाट बाजू चेहऱ्याशी काटकोनात आहे का ते गुण्याने बघायचं. त्या पोराने नुसत्या नजरेने लावली होती. बसली बरोबरच, तरी. वजनं आहेत तशी राहू देत. लांबीला तर इलाजच नाही, कापलेल्या शाफ्टला जोड देता येतो पण जोडाचा शाफ्ट मी हातात धरणार नाही.

हे सगळं रविवारनंतर. राउंड चालू असताना पटरमध्ये बदल करायला नियमच नाही म्हणतो, म्हणून स्क्रूची चावी गाडीतच ठेवणार, नाहीतर नवव्या होलनंतर मी काहीतरी पिळत बसेन. मंद्याकडे गेल्या पावसाळ्यापासूनची माझी उधारी आहे. ती फिटेपर्यंत ही बधिर ग्रिप चालेल.